मास्तरांची गव्हाची बीअर

ऑस्टिनमधला उन्हाळा मे महिन्यातच येऊन बसतो आणि ऑक्टोबर लागला तरी हलायचं नाव घेत नाही. दुपारी पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत आमच्या घरी गव्हाची बीअर होते. रंगाने फिकट, थोडी धुकट, प्यायला हलकी, आणि तिला संत्र्याच्या सालीचा नि धन्यांचा वास. ती मी करते असं घरी येणारे म्हणतात. तिच्यामागे किती जणांचे हात आहेत ते मला एकदा नीट सांगायचं आहे.

पहिले आमचे शेजारी. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मनात मी त्यांना कायम मास्तरच म्हटलं. रविवारी सकाळी त्यांच्या गॅरेजचं दार उघडं असायचं आणि माल्टचा गोडसर वास रस्त्यापर्यंत यायचा. एकदा मी कुतूहलाने विचारलं, कृती लिहून द्याल का? ते म्हणाले, “लिहून दिलेलं तुम्ही विसराल. शेजारी उभ्या राहा.” मग मी उभी राहत गेले.

वीस लिटरला सव्वादोन किलो पिल्सनर माल्ट, दोन किलो मोड न आणलेला, चेपलेला गहू आणि पाव किलो ओट्स. गरम पाण्यात कालवून तासभर सदुसष्ट अंशांवर ठेवायचं. गव्हातल्या पिष्टाची साखर करायची ताकद त्या गव्हात नसते. ती बार्लीच्या माल्टमधल्या विकरांत असते, म्हणून दोघांना एकत्र नांदवायचं. गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं. त्याचा चिकट लगदा होतो आणि गोड पाणी खाली उतरेनासं होतं. त्यावर मास्तरांकडे भाताच्या तुसाची पिशवी होती. दोन मुठी तूस मिसळलं की वाट मोकळी. टेक्ससमधल्या गॅरेजमध्ये तूस बघून मला जो आनंद झाला तो त्यांना समजावून सांगता आला नाही, पण त्यांनी तो ओळखला.

हॉप्स अगदी थोडे, कारण या बीअरला कडवटपणा शोभत नाही. तासाभराच्या उकळीनंतर तांब्याची वेटोळी नळी पातेल्यात सोडून तिच्यातून गार पाणी खेळवायचं, वीस अंशांवर आलं की यीस्ट घालायचं. आंबताना घरातली उष्णता चढू नये म्हणून बरणी पाण्याच्या टबात उभी करायची, तिला जुना सुती टीशर्ट गुंडाळायचा आणि समोर पंखा लावायचा. पण सगळ्यात आधी स्वच्छता. उकळी संपल्यावर जे जे भांडं बीअरला लागेल ते जंतुनाशकात बुडवलेलं हवं. या एका बाबतीत मास्तर कधी हसले नाहीत.

काम चालू असताना ते पिएर सेलिस यांची गोष्ट सांगायचे. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात एकेकाळी डझनावारी ब्रूअऱ्या होत्या. एकेक मिटत गेली आणि १९५७ मध्ये टॉमसिन ही शेवटचीही बंद पडली. गावाची पांढरी बीअर संपली. सेलिस घरोघर दूध घालायचे. लहानपणी त्या टॉमसिनमध्येच ते हाताखाली राबले होते. १९६६ मध्ये त्यांनी ती बीअर पुन्हा करून दाखवली. गहू, धने आणि कुरासाओ संत्र्याची साल. पुढे १९८५ मध्ये त्यांच्या ब्रूअरीला आग लागली, कारभार मोठ्या कंपनीच्या हाती गेला, आणि साठी उलटलेला हा माणूस चक्क आमच्या ऑस्टिनला आला. १९९२ मध्ये त्यांनी इथे नव्याने ब्रूअरी उघडली. मास्तरांनी ही बीअर पहिल्यांदा चाखली ती तिथली. २०११ मध्ये सेलिस वारले. शेजारी उभं राहून पाहणाऱ्या एका पोराच्या आठवणीवर एका गावाची बीअर टिकली, हे मला फार मोठं वाटतं. मास्तर मला उभं का करत होते तेही मला तिथे कळलं.

धन्यांसाठी त्यांनी मला आमच्याच वाण्याकडे पिटाळलं. “तुमचे धने लांबट असतात, त्यांना लिंबासंत्र्याचा वास जास्त. आमच्या गोल धन्यांना तो नाही.” जन्मभर आमटीत घातलेली वस्तू मी तोवर नुसती हुंगून पाहिली नव्हती.

त्या उन्हाळ्यात सासूबाई वाईहून आल्या होत्या. दारूला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता, आणि त्यांच्यासमोर हे करावं की नाही या विचारात मी होते. त्यांनी माल्टचे दाणे तळहातावर घेतले, एक चावून पाहिला. “अगं, मोड आणून वाळवलंय ना हे? मग नाचणीच्या सत्त्वासारखंच की.” मी म्हटलं, “आई, तुम्हाला चालेल ना?” त्या म्हणाल्या, “तू तुझं काम कर. धने मी कुटते.” तवा तापत ठेवायला निघाल्या तेव्हा मास्तरांनी हाताने खूण करून थांबवलं: भाजायचे नाहीत. मग दोघांनी खलबत्ता मधे ठेवला. एकमेकांची भाषा न येणाऱ्या त्या दोघांनी ते वीस ग्रॅम धने नुसते फुटतील एवढेच कुटले. ती बीअर त्यांनी चाखली नाही, पण बाटल्यांना बुचं लावायला बसल्या. ऋणानुबंध म्हणतात तो मी त्या दुपारी पाहिला.

मास्तर आता मुलीकडे राहायला गेले आहेत. जाताना तांब्याची नळी मला देऊन गेले. पैसे घेतले नाहीत. अमेरिकेत घरी बीअर करण्याला १९७८ च्या कायद्याने मुभा दिली. ती विकता येत नाही, वाटता येते. मास्तरांनी त्यातलं वाटणं मनापासून पाळलं. सासूबाईही आता नाहीत. खलबत्ता आहे.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही, तेव्हा तिथल्या वाचकांनी नुसतं वाचावं. जिथे कायदा परवानगी देतो तिथल्यांना एवढंच सांगते: धने अख्खे आणा, भाजू नका, आयत्या वेळी कुटा आणि उकळी संपायला पाच मिनिटं उरली की मगच घाला.