सुट्टी आपली, वेळ समुद्राची

बेटावर सुट्टी घालवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येतं, मालदीव येतं, खिसा सैल असेल तर मॉरिशस येतं. आधी रजा, मग विमानाचं तिकीट, मग हॉटेल, या क्रमाने बेत ठरतो. पण खऱ्या अर्थाने उष्ण कटिबंधातली बेटं आपल्या रायगडच्या किनाऱ्यालगतही आहेत. उरण तालुक्यातली घारापुरी, थळसमोरची खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा आणि त्याच्या शेजारचा पद्मदुर्ग. मुंबई-पुण्याहून गाडीने किंवा बोटीने काही तासांत गाठता येतात म्हणून आपण त्यांचा बेत आखतच नाही. शनिवार मोकळा दिसला की निघतो. मला वाटतं, चूक इथेच होते. या बेटांची सहल सुट्टीच्या तारखेवरून नव्हे, तिथीवरून ठरवायला हवी. तशी ठरवली तरच बेट खऱ्या अर्थाने पाहायला मिळतं.

कुलाबा किल्ल्याचंच उदाहरण घ्या. भरतीला तो चहूबाजूंनी पाण्यात असतो आणि ओहोटीला अलिबागच्या पुळणीवरून चालत गाठता येतो. म्हणजे एकच जागा दिवसातून दोनदा बेट होते आणि दोनदा किनाऱ्याचा भाग. ही वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब अगदी सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तिथीगणिक भरती सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून आठवड्याभरात सारं चित्रच उलटतं. या शनिवारी अष्टमी असेल तर दुपारी बाराला ओहोटी आहे; पुढच्या शनिवारी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास त्याच बाराला भरती असेल. 'गेल्या आठवड्यात मित्र चालत गेला होता' ही माहिती या आठवड्यात निरुपयोगीच नव्हे, धोक्याची ठरते.

त्यातही सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येतं. त्या दिवसांत मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला पाणी तितकंच लांब हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीची दुपारची ओहोटी सोयीच्या वेळी येते, पण वाट पुरती उघडी पडेल याचा भरवसा नसतो. पौर्णिमेला वाट छान उघडते, पण पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. दोन्हींचा मेळ घातला तर द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम: उधाणाचा जोर अजून टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, कोवळ्या उन्हात येते. त्या वेळी किल्ल्याच्या वाटेवर वाळूत पाण्याच्या घड्या दिसतात, खळग्यांत अडकलेले चिमुकले मासे आणि खेकडे दिसतात, खडकावर कालवं चिकटलेली असतात. जवळ गेलं की तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले दिसतात. मधल्या फटींतून पाणी आत शिरतं आणि लाटेचा मार तिथेच विरतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलेलं हे काम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. ज्यांनी ते बांधलं त्यांनी समुद्राशी भांडण मांडलं नाही, त्याला वाट दिली. हे वाचून कळतं खरं, पण ओहोटीला त्या तटाच्या पायाशी उभं राहिल्यावर पटतं.

इतिहासातला पुरावाही याच बाजूचा आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. इंग्रजांची जहाजं मोठी होती, तोफा भारी होत्या. तरीही किनाऱ्यावरून बेटाकडे जाणाऱ्या मराठ्यांच्या छोट्या, कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या त्यांना रोखता आल्या नाहीत. त्या रात्री-अपरात्री, वारा आणि पाणी बघून निसटत आणि बेटावर माणसं व सामान पोचवत. किल्ला उभा राहिलाच. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. तो ज्या ज्ञानाच्या बळावर उभा राहिला, तेच ज्ञान बाजूला ठेवून तो बघायला जाणं मला अपुरं वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा की नोकरदार माणसाला शनिवार-रविवारच मिळतो, त्याने तिथी बघून काय करायचं? उत्तर त्याच हिशेबात आहे. तिथी आणि वार यांचं चक्र फिरतं असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक महिन्यात एखादा तरी शनिवार-रविवार जमणारा निघतो. रजा मागायची गरज नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चार शनिवारांतला योग्य तो निवडायचा आहे. दुसरा आक्षेप असा की भरती-ओहोटीचं कोष्टक आता मोबाइलवर मिळतं, पाऊणकीचा हिशेब हवा कशाला? कोष्टक अधिक अचूक असतं, ते जरूर पाहावं, आणि अखेरचा शब्द तिथल्या कोळी बांधवांचा मानावा. पण कोष्टक वेळ सांगतं, कारण सांगत नाही. तिथीगणिक पाणी का बदलतं हे ज्याला उमगलं, तो किल्ल्यात रेंगाळताना पाठीमागची वाट बुडते आहे का याकडे आपसूक लक्ष ठेवतो.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: इथलं पाणी निळंशार नाही, गढूळ आहे, त्यासाठी इतका खटाटोप का? पाणी गढूळ आहे हे खरंच. खाड्या आणि नद्या सह्याद्रीची माती आणून ओततात, आणि भरती-ओहोटी ती ढवळत ठेवते. पण त्याच चिखलात तिवरं वाढतात, त्यांच्या मुळांशी मासळीची पिल्लं पोसली जातात आणि त्या मासळीवर इथली गावं जगतात. प्रवाळाच्या बेटांचं सौंदर्य वेगळं, या किनाऱ्याचं वेगळं. इथलं सौंदर्य बदलण्यात आहे, म्हणून ते वेळ साधणाऱ्यालाच दिसतं. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या थांबतात, गेटवे-मांडव्याच्या प्रवासी लाँचही बंद असतात. जून-जुलैमधल्या मासेमारीबंदीत होड्या ओढून ठेवलेल्या असतात. त्या महिन्यांत यांतल्या बऱ्याच बेटांवर जाता येत नाही, हीही बेटाचीच एक ओळख आहे.

बेत आखणं म्हणजे सगळं आपल्या मनासारखं जुळवून आणणं, असं आपण धरून चालतो. बेट निराळी रीत शिकवतं: आधी त्याची वेळ विचारायची, मग आपली जुळवायची. पाहुण्याने यजमानाच्या घरी जाताना पाळायची हीच रीत आहे, आणि समुद्राच्या बाबतीत तिच्यावर जीवही अवलंबून असतो. म्हणून पुढची सहल ठरवताना घरात 'सुट्टी कधी आहे' याआधी 'पाणी कधी उतरतंय' हा प्रश्न विचारावा, आणि दिनदर्शिका मुलांच्या हाती देऊन तो हिशेब त्यांनाच मांडायला सांगावा. गणित पाचवीच्या मुलाला जमण्यासारखं आहे. त्यातून जो दिवस निघेल, तो साऱ्या घराने पाळावा.