पानाचा ठसा
पान पाण्यात घुसळून त्यातली यीस्ट मोजण्याची पद्धत चोख आहे. तरी मला ती फारशी आवडत नाही. पाण्यात उतरताच कोण पानावर कुठं राहत होतं ते पुसलं जातं. आकडाच हवा असेल तर मी पानं धुते. एरवी जांभळीच्या पानाचा तुकडा पेट्री डिशच्या झाकणाला आतून व्हॅसलीननं चिकटवते. खाली माल्ट आगर, मध्ये फक्त हवा.

पुढचं काम स्पोरोबोलोमायसिस हे यीस्ट करतं. त्याचा बीजाणू बारीक देठावर उभा असतो. बुडाशी पाण्याचा थेंब धरतो, फुगतो, अचानक बीजाणूच्या अंगावर पसरतो आणि त्या झटक्यानं बीजाणू उडतो. दोन-तीन दिवसांत आगरवर गुलाबी ठिपके उगवतात आणि त्यांतून पान उमटतं: शिरांलगत दाटी, मधल्या गुळगुळीत भागात विरळ. शिरेच्या कडेला ओल टिकते, हे तो ठसाच सांगतो. डेल्फ्टच्या क्लुय्व्हर आणि व्हान नील यांनी १९२४ मध्ये ही प्रजाती मांडली, ती अशा आरशासारख्या प्रतिमांवरूनच. अजूनही प्रत्येक ठशापाशी मी थबकते.

ठिपक्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडचा. पानावरच्या उन्हात तो कामी येतो. इतर काही यीस्ट चिकट आवरणाखाली कोरडे दिवस काढतात. पाव फुगवणारं सॅकरोमायसिस मात्र इथं क्वचितच भेटतं. पानांवर भूछत्रांच्या दूरच्या नात्यातल्या यीस्टचीच वस्ती मोठी.

बीजाणू न उडवणारी यीस्ट या ठशात येत नाहीत. डीएनए वाचला की तीही यादीत येतात, म्हणून तेही मी करते. पण यादीतल्या नावाला काही खायला घालून पाहता येत नाही. पानातल्या पेक्टिनपासून मिथेनॉल सुटतं आणि कॅन्डिडा बॉयडिनी त्यावर वाढतं. जपानी संशोधकांनी या जिवंत यीस्टलाच मिथेनॉलचं मापक बनवून पानावर सोडलं, तेव्हा कळलं की पानावरचं मिथेनॉल अंधारात वाढतं आणि उजेडात घटतं. त्यासाठी यीस्ट हाताशी जिवंत असावं लागतं.

म्हणून ठिपके दिसू लागले की मी इतर कामं बाजूला ठेवते. क्लॅडोस्पोरियमची हिरवट-काळी बुरशी पसरायच्या आत प्रत्येक रंगाचा एक तरी ठिपका सुईनं उचलायचा, नव्या आगरवर रेघोट्या ओढायच्या, वसाहती एकसारख्या येईपर्यंत तेच पुन्हा करायचं आणि मगच नळी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवायची.