दोन उपासना, एक भजन

आमच्या मंडळीच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या हस्ताक्षरातील एक ठराव आहे : ‘सकाळी साडेआठ वाजता नेहमीची उपासना, सायंकाळी सहा वाजता तरुणांची उपासना.’ अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची ही मंडळी. मी कमिटीचा चिटणीस आणि त्यातून मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे ठरावाची भाषा नेटकी करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या नेटकेपणाचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

वाद गाण्यांचा होता. वडीलधाऱ्यांना पेटी-तबल्यावरची ‘उपासना संगीता’तील भजने हवी होती; तरुणांना गिटार आणि पडद्यावर रोमन लिपीत उमटणारी हिंदी-इंग्रजी गीते. “ज्याला देवनागरी धड वाचता येत नाही, तो अभंग काय गाणार?” असे आमचे पेटीवाले काका म्हणाले आणि मी मान डोलावली. त्या मुलांना इंग्रजी शाळांत घालणारे आपणच, हे कुणी बोलले नाही. माझी मुलगीही त्यांच्यातच होती.

ठरावाने शांतता आली. सकाळच्या उपासनेत लहान मूल रडेनासे झाले आणि सायंकाळच्या उपासनेत कुणी खोकेनासे झाले. याला मी समेट समजत होतो.

पुढल्या पावसाळ्यात पेटीवाले काका गेले. दफनभूमीत त्यांचे आवडते भजन सुरू झाले. चार-पाच थकलेले आवाज. सूर खाली लागलेला. दुसऱ्या कडव्यापाशी तेही तुटले. पेटी खांद्यावरून आणणारी मुले चिखलात मान खाली घालून उभी होती. त्यांचे मौन बेपर्वाईचे नव्हते. त्यांना गायचे होते, पण त्यांच्यापाशी शब्द नव्हते. त्या अर्धवट भजनानंतर पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि आम्ही मूठ मूठ माती दिली.

नेमके त्याच आठवड्यात मी वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवत होतो. विद्यार्थ्यांना नेहमीप्रमाणे सांगत होतो, की १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीला संतांच्या अभंगाची वाट दाखवली. परदेशी चालींवर बसवलेल्या गीतांच्या शेजारी भजन-कीर्तन आणून बसवले. बोलता बोलता थांबलो. आज ज्याला आम्ही ‘जुने’ म्हणून जपतो, ते एके काळी किती नवे होते! १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांच्या नावाने भजने गाणाऱ्या आम्ही मात्र एकाच घरातील माणसांसाठी दोन वेळा ठरवल्या होत्या.

आणखी एक गोष्ट टोचली. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्यांची अक्षरओळखच लग्नानंतर झाली त्यांनी. अक्षरांवरून माणसाची पात्रता ठरवण्याचा अधिकार निदान आमच्या परंपरेला तरी नाही.

दफनाच्या दिवशी संध्याकाळी माझी मुलगी आत्याच्या खाटेपाशी जाऊन बसली. “आजी, ते भजन पूर्ण कसं आहे?” आत्या एकेक ओळ गाऊन दाखवू लागली आणि मुलगी ती मोबाईलवर रोमन अक्षरांत उतरवू लागली. मराठीच्या प्राध्यापकाच्या डोळ्यांदेखत! शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले.

“कैवारी म्हणजे?” मुलीने मध्येच विचारले.

आत्या क्षणभर थांबली. साठ वर्षे ती ते गात आली होती. अर्थ सांगण्याची वेळ बहुधा प्रथमच आली असावी. “अगं, आपली बाजू घेऊन उभा राहणारा. तुझा बाप तुला रागवायचा तेव्हा मी नाही का तुझा कैवार घ्यायचे?”

वर्गात मी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली असती. इतका अर्थ माझ्याने पोहोचवता आला नसता.

आता दर शनिवारी सात-आठ मुले आत्याकडे येतात. गिटार तिच्या कानांना अजून सोसत नाही आणि ती तसे स्पष्ट सांगते. मुलेही ताल वाढवायचा सोडत नाहीत. महिन्यातून एक उपासना एकत्र होते. तीत दोन्ही बाजू थोड्या थोड्या अवघडलेल्या असतात. पण रडे आणि खोकला पुन्हा एकाच छताखाली ऐकू येतात.

तो ठराव अजून रद्द झालेला नाही. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर तो आहे. नव्या ठरावाची भाषा अर्थातच माझ्याकडे आली आहे. या वेळी मसुदा आधी आत्याला आणि मुलीला वाचून दाखवणार आहे.