सडपातळ अंगकाठी

माणसाच्या प्रकृतीचा निवाडा करण्याचे काम आपल्या समाजात परंपरेने पाहुण्यांकडे आहे. पादत्राणे काढता काढताच 'किती वाळलास रे!' किंवा 'आता अंग धरलेस हो!' असा निकाल ते देतात, आणि त्यावर अपील चालत नाही. पहिल्या निकालाने गृहिणी खजील होते, दुसऱ्याने कृतार्थ. आमचे घराणे धुळ्याचे, त्याची एक शाखा जळगावास. दोन्हीकडील मंडळी जात्याच सडपातळ. त्यामुळे 'काडी पैलवान', 'पाप्याचे पितर' या पदव्या आमच्याकडे विद्यापीठाच्या पदव्यांच्या आधी मिळतात.

या थट्टेच्या मुळाशी दोन समजुती आहेत. बारीक माणूस दुबळाच असावयाचा, ही एक. आणि बारीक माणसास मधुमेहासारख्या रोगांचे भय नाही, ही दुसरी. पहिलीने तरुणांचे मन दुखावते, दुसरीने वडीलधाऱ्यांचे शरीर खचते. जळगावचे आमचे काका जन्मभर किडकिडीत. जेवणानंतर गोडाचा घास आणि दुपारची झोप हे त्यांचे नित्यनेम. 'आपल्या अंगावर काही चढत नाही,' असे ते अभिमानाने सांगत. बावन्नाव्या वर्षी त्यांस मधुमेह निघाला, तो डोळ्यांस पडदा येऊ लागल्यावर. वजन अगदी प्रमाणात होते. सदऱ्याआड पोट तेवढे किंचित पुढे आले होते, आणि तिकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

हे कोडे उलगडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांस आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात, तो दोघांचाही सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. वरून बारीक, आतून लठ्ठ, अशी ही आपली घडण. तिचा आरंभही फार लवकर होतो. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो आढळले. पण आपल्या बाळांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबीची त्या मानाने थोडी.

उपर्युक्त अंक काढण्याची रीत सोपी आहे. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर १८.५ ते २२.९ च्या दरम्यान आले, तर भारतीय प्रौढास ते योग्य समजतात. मात्र ही रीत ज्या केटेले नामक बेल्जियन पंडिताने एकोणिसाव्या शतकात बसविली, तो समाजाची सरासरी शोधीत होता, एकेकट्याची प्रकृती नव्हे. म्हणून सडपातळ माणसाने काट्याच्या जोडीला शिंप्याची फीतही हाती घ्यावी. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा.

याच काकांचा मुलगा, आमचा चुलतभाऊ, महाविद्यालयात जातो. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. अंक सुमारे १९, म्हणजे निर्दोष. तरीही वर्गमित्रांच्या थट्टेने तो कष्टी. काकूंचा उपाय डिंकाच्या लाडवांचा, त्याचा स्वतःचा महागड्या पावडरीच्या डब्याचा. दोन्ही उपायांचा रोख एकाच ठिकाणी, काट्यावर. नुसते खाणे वाढविल्याने स्नायू वाढत नाहीत; श्रमाची मागणी नसेल, तर शरीर त्या अन्नाची चरबी करून ठेवते, आणि वडिलांचा कित्ता पुत्र गिरवू लागतो.

स्नायू वाढतो तो भार क्रमाने वाढविल्याने. आज दहा जोर निघाले, तर पंधरवड्याने बारा निघावेत. बैठका सोप्या झाल्या, की पाठीवर वजन घ्यावे. सूर्यनमस्कार उत्तमच, परंतु ठरावीक संख्येवर थांबले, की दमसास टिकतो, दंड भरत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस असा व्यायाम, मध्ये विश्रांती आणि पुरेशी झोप, एवढे पुष्कळ झाले.

आहारात प्रथिने हवीत. सामान्य प्रौढास वजनाच्या किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम पुरतात. स्नायू कमावणाऱ्यास त्याच्या दुपटीपर्यंत लागतात. जळगावचे केळे शक्ती देते, पण त्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. तेवढ्याच रुपयांच्या शेंगदाण्यांत किंवा डाळीत कितीतरी अधिक. आपली कळण्याची भाकरी या बाबतीत शहाणी आहे. ज्वारीत जे प्रथिनद्रव्य उणे, ते उडीद भरून काढतो. तिच्याबरोबर दाट वरण आणि दही असले, की डब्याची निकड राहत नाही.

लहान चणीची लाज तर मुळीच नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविते झाले, ते ५७ किलोंच्या गटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चरकानेही अतिस्थूल व अतिकृश दोघांसही दोष दिला आहे. मात्र दोहोंत कृशता बरी, असा कौल दिला. न खटपट करता वजन घटू लागले, तर मात्र मुळीच वेळ न दवडता वैद्यास गाठावे. क्षय, मधुमेह किंवा कंठग्रंथीचा विकार त्यामागे असू शकतो.

आमच्या चुलतभावाचे वजन आठ महिन्यांत अवघे तीन किलो वाढले, आणि कंबर होती तेवढीच राहिली. आम्ही यास यश समजतो. रक्तातील साखर खपविणारी सर्वांत मोठी पेठ म्हणजे स्नायू, हे डॉक्टरांकडून कळल्यापासून काकाही रोज सकाळी खुर्चीवरून वीस वेळा उठतात-बसतात. मोजण्याचे काम काकूंनी आपल्याकडे घेतले आहे, आणि त्या एकही सूट देत नाहीत.