लॉनची ऑक्टोबरमधली कामं : थंडीआधी मुळं सांभाळा



द्राक्षाच्या छाटण्या जोरात चालू असताना हा माणूस लॉनवर लिहितोय म्हणून हसाल. पण आता आपल्या निफाड तालुक्यात मळ्यात नवीन घर बांधलं की पुढं थोडं लॉन करायची पद्धत पडलीय. डिसेंबरात ते पिवळं पडलं की विचारणा सुरू होते, काय मारू, किती युरिया टाकू. तेव्हा सांगून उपयोग नसतो. थंडीची तयारी ऑक्टोबरातच करावी लागते, म्हणून आत्ताच लिहितो.

आमच्या घरापुढं जुन्या खळ्याच्या जागेवर पोरानं चार वर्षांपूर्वी एक गुंठा लॉन केलं. नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळतं ते. आमचे आण्णा तेव्हा म्हणले होते, "जन्मभर हरळी खांदून बांधावर फेकली, अन् आता तिलाच दारात खत घालता व्हय रे?" आण्णांचं खरंच होतं. हे गवत हरळीच्याच कुळातलं. त्यामुळं शेतकऱ्याला लॉन नव्यानं शिकायची गरज नाही. हरळीचा स्वभाव आपल्याला पाठ आहे. वरून कितीही कापा, वाळवा, जमिनीतली मुळी अन् कांड्या जिवंत असल्या की ती परत फुटते.

पुढं आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज सपाट जागेवर चालायला सांगितलं. आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर अन् पिकअपची सारखी ये-जा, शिवार रस्ता खडबडीत. उरलं हे लॉन. तिथं टक्कल पडलं, खड्डे झाले, चिखल झाला तर म्हातारा माणूस घसरणार. तेव्हापासून मी पोरावर न सोडता ऑक्टोबरातली कामं स्वतः करतो.

आता मूळ मुद्दा. हे उष्ण हवामानातलं गवत आहे. रात्री चांगल्याच गार पडायला लागल्या की त्याची वाढ मंदावते अन् पारा दहा अंशाच्या खाली राहायला लागला की जवळपास थांबते. आपल्याकडं थंडीच्या लाटेत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, कधी दवसुद्धा गोठतं. त्या काळात गवत जगतं ते मुळ्या अन् कांड्यांमध्ये साठवलेल्या अन्नावर. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. काडीत अन्नसाठा नसेल तर डोळा जोमानं फुटत नाही, तसंच हे. हा साठा ऑक्टोबरातलं ऊन, जमिनीतली ऊब अन् गवताचं पान यांवर तयार होतो. म्हणून या महिन्यातली सगळी कामं मुळीसाठी करायची. हिरवेपणा आपोआप येतो तेवढा बास.

पहिलं काम टोचणीचं. चार महिने पाऊस अन् माणसांची पावलं, यानं काळी माती पार दबून जाते. मुळीला हवा मिळत नाही, पाणी वरच साचतं. वाफसा आला की अणकुचीदार सळईनं किंवा दात्यांच्या पंजानं तीन-चार इंच खोल अन् चार-पाच इंच अंतरावर भोकं पाडायची. माती ओली असताना करू नका, भोकाच्या कडा लिंपल्यासारख्या होतात. एका गुंठ्याला दोन माणसांची अर्धा दिवसाची मेहनत आहे.

टोचताना खाली बघत चला. लव्हाळा, गाजरगवताची रोपं खुरप्यानं तेव्हाच काढा. लव्हाळ्याची गाठ खाली राहिली तर तो पुन्हा येणार. कुठं गवत ओढल्यावर गोधडीसारखं सुटून हातात आलं, किंवा साळुंक्या, कावळे एकाच जागी उकरत असले, तर खाली हुमणी बघा. अळ्या वेचून मारा अन् त्या जागेवर मेटारायझियमची आळवणी करा. बुरशी जगायला ओलावा लागतो, म्हणून हे काम संध्याकाळी अन् ओल असतानाच करायचं.

दुसरं काम थर देण्याचं. पूर्ण कुजलेलं अन् चाळलेलं शेणखत एक भाग, वाळू दोन भाग. पाव इंचापेक्षा जाड नको, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. खराट्यानं फिरवलं की ते भोकांत उतरतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्याला पाव ब्रासच्या आतच माल लागतो. खड्डेही यानंच भरून घ्या. खड्डा खोल असेल तर दोन वेळा करून भरा, एकदम भरलं तर खालचं गवत गुदमरतं. कच्चं शेणखत अजिबात नको. तणाचं बी अन् हुमणी दोन्ही आपल्या हातानं दारात आणल्यासारखं होईल.

तिसरं खत. कोजागिरीच्या आगेमागे गुंठ्याला अर्धा किलो युरिया अन् अर्धा किलो पोटॅश. बागेसाठी आणलेलं शून्य-शून्य-पन्नास शिल्लक असेल तर पोटॅशऐवजी तेच चालतं. गवत कोरडं असताना फोकायचं अन् लगेच पाणी द्यायचं, नाहीतर पान करपतं. दिवाळीनंतर नत्र पूर्ण बंद. उशिरा दिलेल्या युरियानं कोवळी फूट निघते, साठवलेलं अन्न तिच्यात खर्च होतं अन् पहिल्याच कडाक्याला ती जळते.

चौथं कापणीचं. पावसाळ्यात आपण एक इंचावर कापतो. ऑक्टोबरअखेर मशीन दीड ते दोन इंचांवर घ्या. पान जास्त राहिलं तर अन्न जास्त तयार होतं, अन् थंडीत तेच पान खालच्या कांड्यांवर पांघरूण होतं. एका वेळी पानाचा तिसरा हिस्सा, त्यापेक्षा जास्त कापू नका.

यानंतर थंडी आली की हात आवरा. गवत तपकिरी पडेल, पडू द्या. जिवंत आहे का बघायचं असेल तर एक कांडी नखानं खरवडा. आत पांढरट-हिरवी अन् ओलसर असली तर ते झोपलंय. तपकिरी अन् कडकडीत मोडली तर तेवढी जागा गेली असं समजा. दव गोठलेलं असेल त्या सकाळी गवतावर पाय देऊ नका, पान मोडतं अन् काळे ठसे उमटतात. आमचे आण्णा थंडीत ऊन वर आल्यावर, दव वाळल्यावरच चालायला निघतात. त्यात त्यांच्या घसरण्याची भीतीही राहत नाही.

माझ्या एका पाहुण्यांचं लॉन मागं डिसेंबरात असंच पिवळं पडलं. लॉनचं काम करणाऱ्या एकानं त्यांना सांगितलं, सगळं मेलंय, उपटून नवीन गालिचा टाकू. खर्च तीस-पस्तीस हजार. पाहुण्यांचा मला फोन आला. मी गेलो, दहा ठिकाणच्या कांड्या खरवडून दाखवल्या. आठ जिवंत होत्या. म्हणलं, शिवरात्रीपर्यंत थांबा, मग बोलू. शिवरात्र झाली अन् आठवड्याभरात लॉन फुटलं. दोन टकलं राहिली होती, ती कडेच्या गवताच्या कांड्या लावून भरली. पैसा वाचला तो त्यांनी ठिबकच्या नळ्या बदलायला घातला.

शेवटी पाण्याचं बोलतो, कारण आपल्याकडं सगळं तिथंच येऊन थांबतं. एका गुंठ्याला एक इंच पाणी म्हणजे अडीच हजार लिटरच्या वर. रोज शिंपडलं तर मुळी वरच्या वर राहते अन् गवत पाण्याला चटावतं. ऑक्टोबरात टोचणी झालेली असली की पाणी खोल जातं, मुळी त्याच्या मागं खाली उतरते. मग काळ्या जमिनीत थंडीभर आठ-दहा दिवसांनी एक पाणी पुरतं. तेही सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर पान रात्रभर ओलं राहून बुरशी लागते.

आमच्या घरात पाण्याची रांग ठरलेली आहे. आधी माणसं अन् जनावरं, मग बाग, मग भाजीपाला, सगळ्यात शेवटी लॉन. एप्रिल-मे महिन्यात विहीर खाली गेली की लॉनचं पाणी मी बंद करतो, कुणी काही म्हणो. मुळी खोल असली तर हरळी उन्हातही झोपून राहते अन् मृगाच्या पावसाला उठते. टँकर आणून लॉन हिरवं ठेवायचं, हे शेतकऱ्याच्या दारात शोभत नाही.

आमच्याकडं परवा टोचणी झाली, रविवारी थर द्यायचा आहे. छाटणीला मजूर लावलेत त्यातले दोघं अर्ध्या दिवसासाठी इकडं घेतले की तुमचंही काम होईल. ज्यांच्याकडं मेक्सिकन गवत आहे त्यांनी थंडीतला अनुभव जरूर सांगा.