सिल्व्हर मॉलची फेरी

इंदुरास येणारे पाहुणे राजवाडा व सराफा पाहून परततात. आम्ही मात्र रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉल या संगणकांच्या बाजारात गेलो. पुण्याच्या गाडीत फोनची बॅटरी न संपविता लॅपटॉपवर इंटरनेट मिळावे, एवढीच इच्छा. कारागिराने तळाचे झाकण उघडले. सिमकार्डावर चालणारे मोडेम बसवावयाची खाच रिकामी होती. परंतु पडद्याच्या चौकटीतून तेथवर येणाऱ्या अँटेनाच्या तारा नव्हत्या, सिमसाठी फटही नव्हती. शिवाय काही कंपन्यांचे बायॉस परके मोडेम स्वीकारीतच नाही. तेव्हा वाचकहो, मोडेम विकत घेण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी पाहून घ्याव्यात. एकही उणी असल्यास यूएसबीत लावावयाचे डोंगलच बरे.