बिलबुकाची पाठ

'पन्हा मोठा, वीण घट्ट, धुतलं तरी आटणार नाही. ठाकूरची शाल कुठल्या मिलची ते मात्र कळलं नाही.'

'शोले'चं हे परीक्षण माझ्या मामाचं. तो सोलापूरला नवी पेठेत कापडाच्या दुकानात काउंटरला होता. गिऱ्हाईक फिरलं आणि बिल रद्द झालं, की तो कागद तो टाकून देत नसे. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी टेरिकॉटच्या शर्टपीसचा हिशेब आणि त्यावर आडवी रेघ, मागच्या बाजूला रात्री पाहिलेला सिनेमा. वर नाव आणि तिकिटाचे पैसे, मग दोन-तीन ओळींत निकाल, मग एक रेघ. त्या रेघेखाली चार ओळी असत आणि सिनेमाचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसे. 'शोले'च्या खाली हे आहे:

बारा वाजता कडी वाजवली,
भाकरी फडक्यात, चटणी वाटीत.
'शेवटी कोण मेलं?' तिनं विचारलं
आणि उत्तराआधीच झोपी गेली.

मामा याला कविता म्हणत नसे. 'उरलेलं कापड आहे बे ते,' म्हणायचा. थान संपताना शेवटी वीतभर तुकडा उरतो, तो टाकवत नाही आणि विकताही येत नाही, तसलं. चिठ्ठ्या दुकानातल्या रीतीप्रमाणे तारेला टोचलेल्या असत. तार भरली की शर्टपीसच्या रिकाम्या खोक्यात.

तेव्हाची नवी पेठ मला आधी कानांनी आठवते. कापडाला कात्रीनं नुसती खूण करायची आणि दोन्ही हातांनी ते फर्रकन फाडायचं, हा आवाज एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचा. मधेच सिनेमाची जाहिरात करणारी रिक्षा यायची. कर्ण्यातला माणूस मराठी, हिंदी आणि तेलुगू एकाच दमात बोलायचा आणि रंगीत कागद उधळत जायचा. पोरं ते कागद गोळा करायची. दुकानं बंद झाली की मामा आणि बाजूच्या चपलांच्या दुकानातला त्याचा मित्र चालतच शेवटच्या खेळाला जायचे, कधी प्रभातला, कधी भागवतला. भागवतच्या एकाच आवारात एकाहून जास्त पडदे होते. मल्टिप्लेक्स हा शब्द पुण्या-मुंबईकडून आला तेव्हा आम्हाला त्याचं फार अप्रूप वाटलं नाही ते त्यामुळेच.

नवा सिनेमा कसा आहे हे तेव्हा कळायचं कसं? सिनेमाचा 'रसरंग' अंक यायचा, पण तो दुकानातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरून मामापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं निम्मं शिळं झालेलं असे. खरं परीक्षण व्हायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाच्या पायरीवर, पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी. शेजारचे चार नोकर जमायचे आणि विचारायचे, 'काय बे, जायाचं का?' मामा कापडाच्याच भाषेत निकाल द्यायचा. 'रंग जाणारा आहे.' 'इंटरव्हलपर्यंत इस्त्री, पुढं चुरगाळा.' 'हम आपके हैं कौन'चा निकाल एका ओळीत आहे: 'लग्नाचा बस्ता, तीन तासांचा, गिऱ्हाईक खूश.' 'माहेरची साडी' १९९१ची. त्या चिठ्ठीवर आहे, 'साडी बघायला गेलो, हातरुमाल भिजवून आलो. मालकाला सांगायचं, रुमालांची ऑर्डर वाढवा.'

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. खुर्च्यांत ढेकूण होते, तिकीटबारीवर धक्काबुक्की आणि बाहेर ब्लॅकवाले होते, आणि मामी वर्षाकाठी दोन सिनेमे बघायची. मामाचे अंदाजही साफ चुकायचे. 'अशी ही बनवाबनवी' आला १९८८ला. त्यावर मामानं लिहिलंय, 'साडी पुरुषाच्या अंगावर बसत नाही. चालायचा नाही.' तो किती चालला ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. मामाला ही चिठ्ठी दाखवून आम्ही पुढं कित्येक वर्षं छळलं.

'सामना'बाबत मात्र त्याचा नेम लागला होता. १९७५चा हा सिनेमा विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, आणि दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे शिकले-वाढले सोलापुरातच. त्यामुळे गावात चर्चा होती. चिठ्ठी म्हणते, 'जाडंभरडं. अंगाला टोचतं. म्हणूनच टिकणार.' त्या सिनेमाचे निर्माते रामदास फुटाणे. पुढं वात्रटिकांसाठी मराठी मुलखाला माहीत झाले तेच हे. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव 'कटपीस' आहे हे मी मामाला सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस हवेत होता. 'म्हणजे आपल्या लाइनीतलाच माणूस की,' म्हणाला. सिनेमावाला चार ओळींचं लिहितो, आणि तेही कापडाचं नाव देऊन, यात त्याला स्वतःची काहीतरी बाजू भक्कम झाल्यासारखी वाटली असावी.

रेघेखालच्या ओळींचं मोल मला फार उशिरा कळलं. नव्वदच्या दशकात सोलापुरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. त्या काळातल्या एका चिठ्ठीवर वरचा सिनेमा इतका सुमार आहे, की त्याचं नावही आज कुणाला आठवायचं नाही. खाली हे:

भोंगा वाजला नाही आज,
शेजारचे अण्णा तरी उठले.
आंघोळ केली, डबा भरला
आणि ओट्यावर बसून राहिले.

आमच्या शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी यावर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. तो सिनेमा नसता तर या चार ओळी आल्या नसत्या, असं मात्र मला वाटतं. मामा सिनेमासाठी कागद घ्यायचा, आणि हातात पेन्सिल आलीच आहे तर, म्हणून दिवस लिहायचा. नुसता दिवस लिहायला बसला असता तर लाजला असता.

मीही पुढं परीक्षणं लिहिली. एका साप्ताहिकात दर आठवड्याला चारशे शब्द. सुरुवातीला मामाच्या रीतीनं शेवटी चार ओळी जोडल्या होत्या, रिक्षातल्या, भाजीबाजारातल्या, कुठल्याही. संपादकांनी त्या कापल्या. 'हे तुमचं घरचं कशाला? स्टार द्या,' म्हणाले. मी स्टार दिले. आज ती कात्रणं काढून वाचली तर अडीच स्टार कशाला दिले होते ते मलाच सांगता येत नाही. त्या दिवशी पाऊस होता का, घरी कोण आजारी होतं, खिशात किती पैसे होते, काहीच कळत नाही. मामाच्या चिठ्ठीवर हे सगळं कळतं.

आता तर परीक्षण सिनेमाच्याही आधी येतं. शुक्रवारी सकाळी दात घासेपर्यंत मोबाइलवर पाच जणांनी निकाल दिलेला असतो, दुपारी गल्ला कळतो, रविवारी कोटींचे आकडे. आकड्यांचं मला वावडं नाही. २०१६ साली 'सैराट' शंभर कोटींच्या घरात गेला तेव्हा मीही छाती फुगवून फिरलो, कारण तो आमच्या जिल्ह्याचा, करमाळ्याकडचा, तिथल्या बोलीतला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळेही आधी कवीच. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' या त्यांच्या संग्रहाला सोलापूरचा भैरूरतन दमाणी पुरस्कार मिळालेला आहे. कविता आणि सिनेमा एकाच हातून येऊ शकतात, याला आणखी कुठला दाखला हवा?

मामा २००९ला गेला. त्यामुळे 'सैराट'ची चिठ्ठी मी लिहायला घेतली. निकाल जमला: 'किनार भरजरी. नाचता नाचता एकदम थान संपतं. गिऱ्हाईक ओरडत नाही, गप्प उठून जातं.' मग रेघ मारली. खाली काही सुचेना. गाडीतून गेलो होतो, थंडगार हॉलमध्ये बसलो होतो, गाडीतूनच परत आलो होतो. वाटेत कुणी भेटलं नव्हतं. त्या चिठ्ठीची खालची बाजू अजून कोरी आहे.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती दर सिनेमावर घरच्या ग्रुपवर लिहिते: 'तीन स्टार, सेकंड हाफ खेचलाय.' मला वाटायचं, संपली ही परंपरा. मग एकदा तिचं स्टेटस बघितलं:

पीजीच्या खिडकीत कपडे वाळत नाहीत,
आईचा फोन चालूच असतो.
हो, जेवले, मी सांगते,
नूडल्स अजून उकळत असतात.

म्हणजे वरचा भाग ग्रुपवर आणि खालचा स्टेटसवर. रेघ तेवढी रुंद झालीय. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, म्हणून मी आता रोज रात्री झोपण्याआधी ते बघतो आणि स्क्रीनशॉट काढून ठेवतो. तिला हे माहीत नाही. मामाच्या चिठ्ठ्यांना तार होती, एवढाच काय तो फरक, असं म्हणावंसं वाटतं, पण तो फरक लहान नाही.

मध्यंतरी नवी पेठेत गेलो होतो. गर्दी तीच, किंबहुना जास्तच, दिवाळीत तर पाय ठेवायला जागा नसते. पण दुकानांत बहुतेक रेडिमेड. कापड फाडण्याचा आवाज एकदाच आला, तोही परकराच्या अस्तराचा. मामाच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथल्या पोरानं मला एक दाखवलं, त्यावर नुकत्याच आलेल्या एका सिनेमातल्या हिरोचा फोटो. 'बघितलास का रे?' विचारलं. म्हणाला, 'बघितला की. फर्स्ट क्लास. पण त्या दिवशी आमची गाडी पंक्चर झाल्ती, ढकलत आलो बघा घरापर्यंत.'

मी त्याच्याकडून कव्हर घेतलं. बिल मागितलं तर म्हणाला, मोबाइलवर पाठवतो.

त्या खोक्यात एकूण किती चिठ्ठ्या आहेत ते अजून मोजून झालेलं नाही, कारण मोजायला बसलो की वाचत बसतो. तुमच्या घरात कुणी दुकानात, पेढीवर, गिरणीत कामाला असेल, तर जुनी बिलबुकं रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा पाठची बाजू बघून घ्या.